बॉनेटपलीकडची टकटक

दिवा जरा अलीकडे सरकव. आणि ते आतलं दार लोटून घे, वहिनींचा आत्ताच कुठे डोळा लागलाय.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो तो निव्वळ दादाचा पाना परत करायला. दादा जाऊन वर्ष उलटलं होतं आणि त्याची वस्तू माझ्याकडे पडून होती, ते मला बरं वाटेना. वहिनींनी तो पाना हातात घेतलाच नाही.

"आणलाच आहे, तर ती गाडी चालू करून द्या ना भावजी. ह्यांची तेवढीच इच्छा राहिली."

गाडी म्हणजे शेडमधलं जुनं धूड. दादाने ती भंगारातून उचलली तेव्हाच तिचं इंजिन जाम होतं. मी कधीच हात टेकले होते, त्याने मात्र नाद सोडला नाही. "इंजिन सुटू दे, तुला घेऊनच जातो," असं वहिनींना म्हणायचा. कुठे, ते कधी बोलला नाही. आणि एका दुपारी त्या इंजिनावरच डोकं टेकून गेला.

मी प्लग काढून भोकांतून तेल सोडलं आणि चांगलं मुरू दिलं. मग पाना लावून जरा पुढे, जरा मागे. मी तसा धसमुसळा माणूस, पण जाम इंजिनापुढे दांडगाई चालत नाही. अखेर आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि ते सुटलं. प्लगच्या भोकांतून कोंडलेली हवा बाहेर आली. तिला दादाच्या सिगारेटचा वास होता. शेडलाच तो वास असणार, अशी मी मनाची समजूत घातली.

प्लग बसवले, बॅटरी जोडली. बॉनेट वर असलं की सीटवरून पुढचं काही दिसत नाही. म्हणून आम्हा भावांची एक रीत होती. पुढच्याने हात बाहेर काढून पत्र्यावर दोनदा वाजवायचं, मगच आतल्याने किल्ली फिरवायची. वहिनींना ती समजावून मी आत बसलो.

"तेल गळत नाही ना, तेवढं बघा. मग लांब होऊन वाजवा."

टक. टक.

मी किल्ली फिरवली. नुसतं 'टिक' झालं आणि सगळं गप्प. बॅटरीची वायर आवळायचीच राहिली होती. स्वतःला शिव्या घालत मी खाली उतरलो.

वहिनी इंजिनावर ओणव्या झाल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत आत, शालीचा वेढा गळ्याभोवती आणि तिचं टोक इंजिनाच्या पंख्यात गुंतलेलं. ती वायर घट्ट असती तर… मी शाल टरकावली आणि त्यांना ओढून मागे घेतलं.

"हात आत असताना वाजवलंत कशाला, वहिनी?"

"मी कुठे वाजवलं?" त्यांचा चेहरा अगदी शांत होता. "ह्यांनी हाक मारली… अजून जरा वाक, म्हणाले."

दादा मला बापाच्या जागी होता. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. मी बॅटरीची वायर काढून खिशात कोंबली, शेडला कुलूप घातलं आणि वहिनींचं मनगट घट्ट धरून पायरीवर बसलो.

कुलपाआडून आवाज आला. टक. टक.

ऐकलंच नाही असं मी दाखवलं. वहिनींनी माझ्या मुठीतून मनगट हळूच सोडवलं, केस सारखे केले आणि घरातून निघायला उशीर झालेल्या बाईसारख्या म्हणाल्या, "आले हं…"

मी खिसा चाचपला. वायर तिथेच होती.

आणि आत इंजिन चालू झालं.