धवलारणीचे चार दिवस

"माझ्या आईला सुंदराबाईने काहीतरी घातलंय. तुम्ही फक्त शोधून काढा काय ते."

जिज्ञासा म्हात्रे खुर्चीवर नीट टेकलीसुद्धा नव्हती. आनंदाने वही उघडली. अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं तपासनीस म्हणून घासल्यावर हा गृहस्थ निवृत्त झाला, आणि घरी बसून बायकोची बोलणी खाण्यापेक्षा शेजारच्या किर्ती शेलारच्या ऑफिसात नोंदी घ्यायला लागला. ऑफिस कसलं, उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावरची एक खोली. किर्ती खाजगी तपास करायची. एरवी लग्नाआधीच्या चौकशा यायच्या. मुलगा पितो का, मुलीचं कुठे आहे का. विषाची भानगड पहिल्यांदाच आली होती.

"आधी आई कोण ते सांग," किर्ती म्हणाली. "विषाचं मग बघू."

जिज्ञासाची आई जनी. वय एकोणचाळीस, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. बुवापाड्यात राहायची आणि धवलारीण होती. आगरी लग्नात हळदीपासून देवांना आवतण देणारे धवले गाते ती धवलारीण. तिच्याशिवाय मांडवात पान हलत नाही.

"गेल्या गुरुवारी हरिचंद्र भोईरांकडे हळद होती. दुपारी गाता गाता तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात गळला, कोसळलीच. त्याच्याआधी पाच मिनिटं सुंदराबाईने तिला सरबत दिलं होतं. ती पण धवलारीण. आईवर जळते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"लकवा. मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बीपी भयंकर वाढलेलं निघालं. पण या वयात असं का, ते त्यांना पण समजत नाहीये. विचारत होते, काही गोळ्या, काढे घ्यायची का. मी नाही म्हटलं." तिने ओढणीचं टोक पिळलं. "कारण कळलं नाही तर दुसरा झटका येऊ शकतो, म्हणाले. मग ती वाचणार नाही हो."

"याआधी काही त्रास?"

"डोकं दुखायचं, या दोन-चार महिन्यांत. दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमचम रेघा येतात म्हणायची. आम्ही मीठमोहऱ्या उतरवल्या."

तिने आईचा बटवा टेबलावर रिकामा केला. मिश्रीची डबी, सुपारी, कंगवा. "हे एवढंच होतं तिच्याजवळ. बघा, काही सापडतंय का."

किर्तीने डबी उघडून वास घेतला आणि परत ठेवली. "हॉस्पिटलात नेल्यापासून रोज काय काय झालं ते सांग."

"दोन दिवस आयसीयू. तिसऱ्या दिवशी..." जिज्ञासा आनंदाकडे बघून थांबली.

"बोल बिनधास्त. काका इथे पुरुष नाहीत, नोंदवही आहेत."

"तिची पाळी आली. खूप जास्त. सिस्टर म्हणाल्या पॅड आणा, मी खाली पळाले."

आनंदाचं पेन थांबलं. असल्या गोष्टी त्याने आयुष्यात कधी कागदावर लिहिल्या नव्हत्या, आणि आता साठीत काय म्हणून लिहायच्या? त्याने ओळ कोरी सोडली आणि पंख्याकडे पाहिलं.

"रविवारी गावकीची बैठक आहे," जिज्ञासा म्हणाली. "सुंदराबाईला मांडवबंदी घालणार आहेत. तुम्ही पुरावा द्या, बस."

दोघं आधी हॉस्पिटलात गेली. जनी पलंगावर उशीला टेकून बसवलेली होती. डोळे जागे होते, ओठ हलायचे, पण त्यातून शब्द म्हणून निघेना. याच बाईने आनंदाच्या मुलीच्या हळदीला चार तास न थांबता गायलं होतं.

सिस्टरने दाखल करतानाचा कागद दाखवला. आनंदाने इमानदारीत उतरवून घेतला: साडी, बांगड्या, बटवा, त्यात डबी, सुपारी, कंगवा, गोळ्यांचं पाकीट. खाली ताब्यात घेतल्याची सही होती, जिज्ञासाची.

तिथून बुवापाडा. हरिचंद्र भोईर ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"सरबत? आवो, एकाच हंड्यातला. मी प्यालो, माजी नात प्याली. कोनाला काय झाला नाय. पन सुंदराबायची नजर वाईट, ते खरा."

"जनीबाईंना तुम्हीच बोलावलं होतं?"

"आवाज हाय ना तिला! पन तंबी देऊन बोलावली. गेल्या साली माज्या पुतन्याच्या हलदीला ऐन मांडवात तिचे ते दिस आले. आता बोला! शंभर मान्सांदेखत उठवली तिला. अख्खा मांडव गोमूत्रानी धुतला. म्हटला, बाय गो, परत आलीस तर तारखा बघून ये."

हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. किर्तीचा चेहरा दगड झाला. आनंदाला कळेना, हिला एकदम झालं काय.

सुंदराबाई मागच्या आळीत दारातच बसली होती. डोळे सुजलेले. यांना बघून तिने पदर सावरला.

"धरायला आलाव का मना?"

"विचारायला आलोय, मावशी. जनीबाईंवर राग होता का?"

"व्हता!" ती फाडकन बोलली. "लपवू कशाला? बारा वर्सांचा आमचा ठराव. तिच्या चार दिसांत लगीन आला का मी गानार, माज्या चार दिसांत ती. कोनाचा मांडव आडायचा नाय, कोनाला कलायचा पन नाय. यंदा तुलशीच्या लग्नापासून वैशाख आला, माजे दिस तिनी गायले, तिचा एक दिस मना दिला नाय. विचारला तर हसायची."

"एकही नाही? सहा महिन्यांत?"

"एक पन नाय. राग येनार नाय? पन राग आला म्हनून कोन जीव घेतो का? पोरीनी माजा नाव घेतला, मना आता कोन मांडवात घेल?" ती पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान होतं. काउंटरवर भूपेश नावाचा पोरगेला मालक मोबाईल बघत होता.

"जनीमावशी? येते ना. मुलीची गोळी न्यायची. रिकामं पाकीट दाखवते, मी तसलंच देतो."

"कितीचं पाकीट?"

"एकवीस गोळ्या. दर तीन आठवड्यांनी, एकदम टायमावर. दिवाळीनंतर चालू झालंय."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"मॅडम, पाकीट दाखवलं ना! चिठ्ठी कोण मागतं? मुलीला पाळीचा प्रॉब्लेम आहे, बोलली."

आनंदाने पुन्हा एक ओळ कोरी सोडली. पोरीची गोळी पोरीची, तिचा सरबताशी काय संबंध! बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सुंदराबाईच. राग आहे, संधी आहे. हंड्यात नाही, ग्लासात घातलं असणार."

"काका, तुमच्या वहीत दोन ओळी कोऱ्या आहेत," किर्ती म्हणाली. "सगळं उत्तर तिथेच आहे."

रविवारी सकाळी, बैठकीच्या आधी, जनीच्या घरात सगळी जमली. जिज्ञासा, एका कोपऱ्यात चोर असल्यागत सुंदराबाई, दारात हरिचंद्र, आणि वही घेऊन आनंदा. किर्ती उभीच राहिली.

"विष कोणी घातलेलं नाही. हंडा एकच होता, आणि विषाने एका बाजूचा हात गळत नाही. डॉक्टर गुठळी म्हणतात, ते खरंच आहे. ती का झाली, ते मला कळलंय. पण ते तुझ्या आईचं गुपित आहे, जिज्ञासा. सांगायचं की नाही, तू ठरव. नाही सांगितलं, तर तासाभरात ही बाई जन्माची मांडवाबाहेर जाईल."

जिज्ञासाने सुंदराबाईकडे पाहिलं. त्या बाईने तिला लहानपणी कडेवर घेऊन कितीतरी मांडव दाखवले होते.

"सांगा," ती म्हणाली.

"सुंदरामावशी म्हणाल्या, सहा महिन्यांत जनीने एकही दिवस दिला नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी पाळी अशी अचानक गुल होते का? होईलही. पण मग हॉस्पिटलात बरोबर तिसऱ्या दिवशी ती परत कशी आली? घरी अशी कोणती गोष्ट ती रोज करत होती, जी हॉस्पिटलात बंद पडली?"

आनंदाने वहीतल्या पहिल्या कोऱ्या ओळीकडे पाहिलं.

"गोळी," किर्ती म्हणाली. "जिज्ञासा, तुझी गोळी कोण आणतं?"

"मीच. बदलापूरला, क्लिनिकच्या खालून."

"मग भूपेशकडून आई नेत होती ती कोणासाठी? एकवीस दिवस गोळी, सात दिवस सुट्टी, त्या सुट्टीत पाळी. म्हणजे पाकीट चार आठवडे पुरतं. जनी तीन आठवड्यांनी नेत होती. सुट्टी घेतच नव्हती, म्हणून तिचे चार दिवस येतच नव्हते. गोळी बंद पडली आणि दोन-तीन दिवसांत आले."

"गोळी कसली पन?" हरिचंद्रांनी विचारलं.

"गर्भ राहू नये म्हणून घेतात ती. पाळी नियमित करायलाही देतात, जिज्ञासाला तशीच दिलीय. गोळी वाईट नाही. सुट्टी न घेणं हाही गुन्हा नाही, कधीकधी डॉक्टरच तसं सांगतात. पण या जातीच्या गोळीने रक्तात गुठळी व्हायचा धोका थोडा वाढतो. पस्तिशी ओलांडलेली बाई, बीपी चढलेलं, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे रेघा. अशा बाईला कुठलाही डॉक्टर ती देणार नाही. पाळी लांबवायची असेल तर दुसरा मार्ग बघेल. क्लिनिकात जिज्ञासाचं बीपी मोजलं असेल, घरात कोणाला काय आजार तेही विचारलं असेल. जनीला कोणी काहीच विचारलं नाही. रिकामं पाकीट दाखवलं आणि मिळालं."

"आनि हे तुमाला कसा कलला का गोली तिनीच खाल्ली?"

"हॉस्पिटलच्या कागदावर बटव्यात गोळ्यांचं पाकीट आहे. माझ्या टेबलावर आलं तेव्हा ते नव्हतं. मधे बटवा एकाच माणसाच्या हातात होता."

जिज्ञासाने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

"मी काढून लपवलं," ती आतून बोलली. "त्यावर लिहिलेलं असतं कशासाठी ते. आईला नवरा नाही, माझं लग्न नाही. लोकांनी काय काय बोललं असतं तिला! आणि मीच... तिने विचारलं होतं, तुझी आता कशी गं टायमावर येते? मी म्हटलं, गोळी थांबवली की येते, चालू ठेवली तर येतच नाही. हसून सांगितलं मी. मला वाटलं, सुंदरामावशीनेच काही केलेलं निघू दे. माझ्यामुळे नको."

"विधवेच्या बटव्यात असली गोली," हरिचंद्र तोंड वाकडं करून म्हणाले. "म्हंजे बोलायला जागा हायच की."

सुंदराबाई उठली. आनंदाने त्या बाईचा तो अवतार आधी पाहिला असता, तर खुनी म्हणून नाव घ्यायची त्याची छाती झाली नसती.

"कोन बोलल? तू? शंभर मान्सांत तिला उठवलीस, तिच्या बसल्या जागी गोमूत माखलास! त्या दिशी ती माज्या दारात बसून रडली. बोलली, सुंदरा, आता मांडवात परत असा होनार नाय, मेली तरी नाय. मना वाटला, रागाच्या भरात बोलली. चार दिस परत अवचित मांडवात येतील, याचा तिला भ्या बसला व्हता. म्हनून तिनी ते गोलीला दिले."

हरिचंद्रांनी सुपारीचा तुकडा हातातच धरून ठेवला होता. तोंडात टाकायला ते विसरले.

"तिला गोळी कोणी चारली नाही, दादा," किर्ती म्हणाली. "पण घ्यायला कोणी लावली, ते बैठकीत तुम्हीच सांगा. मांडवबंदी कोणावर घालायची, ते मग ठरू दे."

बैठकीला किर्ती गेली नाही. तिने रिक्षा बोलावली. जिज्ञासाने कपाटातून, साडीच्या घडीतून ते पाकीट काढलं आणि मुठीत धरलं. सुंदराबाई न विचारता तिच्या शेजारी बसली.

हॉस्पिटलात डॉक्टर राउंडवर होते. जिज्ञासा आईच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. "सर, मी खोटं बोलले होते. आई गोळ्या घ्यायची."

जनीला शब्द फुटत नव्हते, पण ऐकू सगळं येत होतं. पोरीच्या हातातलं पाकीट तिने ओळखलं. तिचा चांगला हात, डावा, झपकन उचलला गेला आणि जिज्ञासाच्या तोंडावर दाबून बसला. अर्धं अंग गेलेली बाई, पण त्या हातात केवढा जोर होता! आजूबाजूच्या पलंगांवरच्या बायका बघायला लागल्या. जनीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी येत होतं आणि मान नाही, नाही म्हणून हलत होती.

जिज्ञासाने तो हात हळूच तोंडावरून काढला. सोडला नाही, छातीशी धरून ठेवला. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने गोळीचं नाव सांगितलं, कधीपासून ते सांगितलं, आणि डोळ्यांपुढच्या रेघांचंही सांगितलं.

डॉक्टरांनी केसपेपर ओढून लिहायला घेतलं. आनंदाने वही काढली आणि तोही लिहायला लागला, या वेळी एकही ओळ न सोडता.