सातवी तारीख

गुरुवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी जग सहाव्यांदा बुडायचं राहिलं आणि बारा वाजता कातळदऱ्याच्या शाळेत खिचडीची घंटा झाली.

पारावर जमलेली माणसं कपडे झटकत उठली. ज्या साध्वीने ही वेळ सांगितली होती ती शांतपणे पार उतरली, चपला शोधल्या आणि साडेबाराच्या एसटीने निघून गेली. तिला कुणी अडवलं नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. "म्हणजे यंदाही भाताचा तरवा लावायलाच लागणार," बाबूकाका म्हणाले, तेव्हा सगळे हसले.

हसली नाही ती फक्त कुमुद खरात. ती गावची पोलीस पाटील होती. गावात जमाव झाला, परका माणूस मुक्कामाला आला, की तालुक्याला कळवणं हे तिचं काम. आठ वर्षांत तिने अशा सहा भाकितांचे सहा अहवाल पाठवले होते आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं. पहिला बुवा म्हणाला होता, समुद्र घाट चढून येईल. दुसरा म्हणाला, सूर्य विझेल. माणसं वेगळी, भाकितं वेगळी. पण कुमुदला त्यांच्यात एक विचित्र सारखेपणा दिसायचा. एकानेही दक्षिणा घेतली नाही. सगळ्यांनी बजावून सांगितलं, "घरदार सोडू नका, गुरं विकू नका, फक्त पारावर येऊन बसा." आणि प्रलय ठरायचा तो नेहमी भर दिवसा.

शिवाय आठवड्याभराने आरोग्य शिबिराची गाडी यायची. रक्तदाब तपासायचा, मनगटाला एक पट्टा बांधायचा आणि कानाला यंत्र लावून भोंग्याचा कर्कश आवाज ऐकवायचा. छातीत किती धडधडतं ते पट्ट्यावर आकड्यात उमटायचं. त्याला ते लोक 'धडकी-अंक' म्हणत. दर वेळी गावाचा अंक आधीपेक्षा खाली आलेला असायचा.

या खेपेला परिचारिका शिबिरांचं वार्षिक वेळापत्रक टेबलावर विसरली. कुमुदने ते सहज उचललं. कातळदरा, एकोणीस जून. कागद जानेवारीत छापलेला होता. साध्वी गावात आली मार्चमध्ये, आणि बारा जून ही तारीख तिने एप्रिलमध्ये सांगितली होती.

कुमुदने तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

कागदावर ज्या सरकारी संस्थेचं नाव होतं तिचे प्रमुख डॉक्टर हेरंब केळुसकर साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि दार लावून घेतलं.

"आठ वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"ती साध्वी तुमची माणूस आहे?"

"आमची. बाकीचे पाचही आमचेच." त्यांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "गोवराची लस माहीत आहे ना? जंतू दुबळा करून टोचतात. शरीर त्याला ओळखायला शिकतं आणि खरा रोग आला की परतवून लावतं. भीतीचंही तसंच असतं. मेंदूत भीतीचं एक केंद्र आहे. भोंगा वाजला आणि काहीच झालं नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं, तर ते केंद्र त्या हाकेला ओ देणं थांबवतं. आम्ही दुबळी भाकितं टोचतो. त्यालाच भाकीतलस म्हणतो."

"पण भाकीत खोटं ठरलं की माणसं जास्तच चिकटतात, असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंत. पण कोण चिकटतं? ज्याने घर विकलं, नातं तोडलं तो. आपण फसलो हे कबूल करणं त्याला परवडत नाही. मग तो म्हणतो, तारीख चुकली, देव चुकला नाही. म्हणून आमची माणसं कुणाला काही सोडू देत नाहीत. ज्याचं काही गेलं नाही, तो हसून घरी जातो. ते हसणं म्हणजेच लस लागू पडल्याची खूण."

"लोकांना न विचारता?"

"सांगून टोचली तर ती लागत नाही, बाई."

कुमुद उठली. हे सगळं वर्तमानपत्रात द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलंही. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "एकोणीस वर्षांपूर्वी संगमावर चार हजार माणसं हात धरून नदीत उतरली. पृथ्वी बुडण्याआधी आपण बुडू, म्हणजे मोक्ष मिळेल, असं त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर ही संस्था निघाली."

कुमुद पुन्हा बसली. त्या चार हजारांत आपला थोरला भाऊ जयवंत होता, असं तिने त्यांना सांगितलं. त्याची चिठ्ठी अजून तिच्या ट्रंकेत होती. तिने कागद परत केला आणि गावी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. मात्र त्या दिवसापासून कुणीही हसलं, की हे हसू याचं स्वतःचं की टोचलेलं, असा संशय तिला यायला लागला.

भाद्रपदात भूगर्भ खात्याची एक तरुण अधिकारी आली, शबनम मुजावर. गावामागच्या डोंगरात खात्याने खुंट्या ठोकल्या होत्या. जमीन सरकली की खुंटी कळवत असे.

"ताई, नऊ दिवसांत माती हातभर खाली आलीय," शबनमने चावडीत सांगितलं. "वरची भेग मी स्वतः बघून आले. उद्या संध्याकाळपर्यंत गाव रिकामं झालं पाहिजे."

कुमुदने दवंडी दिली, भोंगा वाजवला. माणसं सवयीने पारावर येऊन बसली.

"किती वाजता पडणार?" बाबूकाकांनी विचारलं. "म्हणजे भाकऱ्या आधी करायच्या की मागनं?"

हशा पिकला. शबनमने नकाशा दाखवला, भेगेची छायाचित्रं दाखवली. लोकांनी ती हातोहात पाहिली, "पोरगी हुशार आहे" म्हणाले आणि उठले. एकटी शेजारच्या गोदाची सून "कधी निघायचं?" असं विचारत राहिली. ती चैत्रात लग्न होऊन या गावात आली होती. तिने एकही प्रलय पाहिलेला नव्हता. सासू तिला म्हणाली, "रुळशील हळूहळू."

कुमुदने पुण्याला फोन लावला. "डॉक्टर, यांची भीती परत द्या."

"या लसीला उतारा नाही," केळुसकर म्हणाले. "लस खऱ्या-खोट्यातला फरक ओळखत नाही. आम्हाला हे कळायला हवं होतं. तुम्ही स्वतः निघालात का?"

कुमुदने खाली पाहिलं. शबनम जाऊन दोन तास झाले होते आणि ती तांदूळ निवडत बसली होती. डोंगर येणार हे तिच्या डोक्याला पक्कं माहीत होतं. छातीला त्याचा पत्ता नव्हता. सहाही वेळा तीही पारावर बसली होतीच.

ती रात्रभर विचार करत राहिली. भीती मेली असेल, पण राग? रागाला तर कुणी सुई लावली नव्हती.

सकाळी तिने पुन्हा भोंगा वाजवला. लोक हसत आले. ती म्हणाली, "डोंगराचं राहू दे. साध्वी कुणी पाठवली होती ते सांगते." मग तिने सगळं सांगितलं: वेळापत्रक, पट्टे, पुण्यातलं ते बंद दार. "आठ वर्षं तुम्हाला ढोरासारखं टोचलं आणि तुम्ही खदाखदा हसत घरी गेलात. शिबिराची तीच गाडी आज ओढ्यापलीकडे देवघर गावच्या दवाखान्यात उभी आहे."

आधी एकाने नकळत मनगट चोळलं. मग गोदाने पदर खोचला. अर्ध्या तासात सगळं गाव ओढा ओलांडून देवघरच्या वाटेला लागलं. ज्यांना चालवत नव्हतं त्यांनीही हट्टाने डोल्या करायला लावल्या. साक्ष द्यायला माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबूकाका आणि आणखी सहा जण तेवढे मागे राहिले. "एवढ्यासाठी कोण चिखल तुडवतंय," काका म्हणाले. कुमुदने त्यांचा हात धरून ओढलं, पाया पडली. त्यांनी हसून हात सोडवून घेतला.

दुपारी तीनच्या सुमाराला देवघरच्या दवाखान्यापुढे आरडाओरडा चालू असताना जमीन हादरली. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कातळदऱ्याच्या जागी तांबडी माती होती.

सात माणसं गेली, दोनशे नव्वद वाचली. देवघरच्या शाळेत त्यांना आसरा मिळाला. वर्तमानपत्रांनी संस्थेची लक्तरं वेशीवर टांगली, चौकशी बसली. कुमुदला वाटलं, आता तरी माणसं आपल्या डोक्याने विचार करतील.

त्यांनी विचार केलाही. सहा तारखा खोट्या निघाल्या, कारण त्या सरकारी होत्या. सातवी कुमुदताईंची, ती खरी निघाली. शबनमचं नाव कुणाच्याही तोंडी नव्हतं. आधी गोदा पाया पडली, मग शेजारच्या वाड्यांतली माणसं यायला लागली, मग घाटाखालची. कुमुद एकदा बहिणीला भेटायला पिशवी घेऊन निघाली, तर चाळीस कुटुंबांनी सामान बांधलं.

केळुसकर स्वतः आले. ते खंगले होते.

"एकच मार्ग आहे," ते म्हणाले. "त्यांना तारीख द्या. जवळची. आणि ती चुकू द्या. तुम्हीच चुकलात की त्यांचा विश्वास उडेल."

"आणि पुढच्या खेपेला मुजावरबाई खरी भेग बघून आल्या तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाही दिलीत, तर ते तुमच्या मागे नदीतसुद्धा उतरतील. तुम्हाला हे मी सांगायला नको."

ते गेल्यावर कुमुद बराच वेळ खोलीत बसून राहिली. हा माणूस खचलाय की अजून प्रयोगच करतोय, हे तिला ठरवता येईना. शेवटी ती व्हरांड्यात आली. शाळेचं मैदान माणसांनी भरलं होतं. कुजबूज एकदम थांबली.

"माझ्याकडे कसलीही तारीख नाही," ती म्हणाली. "काही होणार नाही. ऐकताय ना? काहीही होणार नाही. घरी जा."

कुणीच हललं नाही. मग पुढच्या रांगेतली गोदाची सून हात जोडून उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "कधीपर्यंत, ताई?"

कुमुदने उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि सगळं मैदान ऐकायला पुढे झुकलं.