पहिलं नको

त्या दुपारी मी अर्धपोटी उठले, आणि त्याला कारण समर्थ होता.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत परदेशी इंजिनिअर येतात. त्यांच्या राहण्या-जेवणाचं मी बघते. मी पंकजा, पारनेरची, जातिवंत काळजीखोर. पाहुण्यांना तिखट झेपेल का, पाणी बाधेल का, ते जेवले का... माझा दिवस यातच जातो. हायवेवर नवं हॉटेल निघालं होतं. मालक समर्थ सहा वर्षं जर्मनीत स्वयंपाकी होता म्हणे. पाहुण्यांना नेण्याआधी आपण चव बघावी, म्हणून गेले होते.

मासवडी झकास होती. पहिली भाकरी संपली तसा मालक स्वतः आला. "आणखी भाकरी?"

"नको."

त्याने मान डोलावली आणि चक्क ताट उचलून नेलं. मी बघतच राहिले. पारनेरात असं कुणी केलं असतं तर सोयरीक मोडली असती.

बाहेर येऊन गाड्यावर गरम भजी घेतली. दुसरं भजं तोंडात असतानाच मागून आवाज आला, "मासवडी आवडली नाही का?"

तोच. हातात कोथिंबिरीची जुडी. मला जोरदार ठसका लागला.

"आवडली. पण पोट कुठं भरलं?"

"तुम्हीच नको म्हणालात."

"अहो, पहिलं नको होतं ते."

तो कपाळाला हात लावून हसला. "सवयच गेली बघा. तिकडं एकदाच विचारायचं. परत विचारलं की समोरच्याला वाटतं, हा आपलं ऐकतच नाही."

"आणि आपल्याकडं एकदाच विचारलं की वाटतं, याच्या मनातच नाही वाढायचं."

"मग ताट उचलायचं कधी?"

"आमच्या पारनेरात तिसऱ्या नकोला. तेही हात आडवा आला तर."

"अवघड आहे तुमच्या पारनेरचं."

"तुमच्याकडं काय वेगळं असतं?"

"देवळाली प्रवरेला? आमची आई तर आडव्या हातावरच आमटी ओतते," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

मग मी पाहुण्यांना तिथेच नेऊ लागले. पाहुण्यांचं निमित्त होतं, हे माझ्या ऑफिसातल्या निकिताला माझ्याआधी कळलं. एकदा जपानी साहेबांनी आमटीचा असा भुरका मारला, की शेजारचे ट्रकवाले कौतुकाने वळून बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समर्थ कानाशी कुजबुजला, "त्यांच्यात भुरका म्हणजे स्वयंपाक्याला शाबासकी. तुम्ही कधी देणार?"

मी मान खाली घालून एक भुरका मारला... अगदी लहानसा. त्याचे कान लाल झाले.

एक जर्मन बाई होत्या. संध्याकाळी सहाला गार पाव आणि चीज खाल्लं की त्यांचं जेवण उरकलं. "त्यांच्यात संध्याकाळी चूल पेटवतच नाहीत?" मी विचारलं.

"बहुतेक घरी नाही."

"मग माणसं बोलायला बसतात कुठं?"

"बसतात की त्यांची ती, टेबलाशी. मीच एकटा होतो," तो म्हणाला. "म्हणून परत आलो."

जानेवारीत त्याने पाहुण्यांसाठी शेतावर हुरडा ठेवला. गार वारं सुटलं होतं. आगटीजवळ बसून तो भाजलेली कणसं तळहातावर चोळत होता. गरम दाणे त्याने माझ्या ओंजळीत टाकले आणि हळूच म्हणाला, "पंकजा... लग्न करशील माझ्याशी?"

मला हेच ऐकायचं होतं. आणि तोंडातून काय निघावं? "नको... म्हणजे, इतक्यात नको."

जन्माची सवय. समोर काहीही आलं की आधी नको.

त्याचे हात थांबले. "बरं," तो म्हणाला, आणि पुढचं कणीस पाहुण्यांसाठी चोळू लागला.

त्याने आता पुन्हा विचारावं म्हणून मी वाट बघत राहिले. हॉटेलात गेले की तो हसून बोलायचा, पाणी ठेवायचा. पण पुन्हा 'तुम्ही' म्हणायला लागला होता. त्या 'तुम्ही'ने माझी झोप उडाली. हा परत विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी आपणहून बोलायला मला काय अडवत होतं, देव जाणे.

शनिवारी सकाळी निकिता म्हणाली, "हॉटेलातला पोरगा सांगत होता, उद्या राहुरीला मुलगी बघायला चाललाय तो. आई मागं लागलीये त्याच्या."

मी पाहुण्यांच्या जेवणाची यादी बाजूला सारली.

"तू विचार की मग," निकिता म्हणाली.

मी? लहानपणापासून आईचं एकच, "मागून खाऊ न्हाई पोरी, लोक हावरट म्हनत्यात." लग्नाच्या पंगतीत जिलेबी संपली तरी मी कधी मागितली नव्हती. आणि आता नवरा मागायचा? त्याने नाही म्हटलं तर? त्याचं नाही म्हणजे खरोखरच नाही.

दुपारी गेले. हॉटेल रिकामं होतं. तो मेथी निवडत होता.

"या, बसा. काय देऊ?"

मी उभीच राहिले. "त्या दिवशी मी नको म्हटलं... ते मनातलं नव्हतं."

त्याने मेथी खाली ठेवली. "एकदा वाटलं होतं मला तसं. पण तसं नसतं तर? मी परत परत विचारून तुला जड झालो असतो."

"म्हणून मीच मागतेय." म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. "मला तू हवा आहेस. उद्या राहुरीला जाऊ नकोस."

त्याने नजर मेथीकडे वळवली. गेलं सगळं, असं वाटून मी दाराकडे वळले, तर त्याने घाईघाईने हात पुसले, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, उद्याचं रद्द कर. मला पोरगी मिळाली."

पलीकडून आईने विचारलं, "कुठली हाय?"

"पारनेरची."

"तुला पसंत हाय ना?"

"लई," तो माझ्याकडे बघत म्हणाला. मला कुठे बघावं कळेना.

"मंग राहुरीला मी सांगते काय ते. समोर हाय का ती?"

"हाय."

"जेवली का?"

त्याने भुवया उंचावल्या. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी मान हलवली.

"नाही गं."

"मंग फोनवर काय बोलत बसलाय, मुडद्या? आदी जेवू घाल तिला."

तो हसत आत पळाला. त्या बाईंनी माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्यांच्या जेवणाची काळजी मी करते. माझ्या जेवणाची आज कुणीतरी केली. मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले.