सात जोड चपलांची राखणदार

आजी हरवली आहे, हे सगळ्यात आधी कळलं ते धीरजच्या तळपायांना!

पाण्याच्या घसरगुंडीवरून धबाककन खाली आलेला धीरज ओलेत्यानेच चपला घालायला पळाला. मे महिन्यातली ती फरशी अशी तापलेली की पापड ठेवला असता तर फुलून टम्म झाला असता. आजोबा, म्हणजे शांतीलाल आप्पा, तर शपथेवर सांगतात की कोपऱ्यात एक जण भाकरी शेकत बसला होता! धीरज उड्या मारत बाकापर्यंत पोचला आणि तिथेच एका पायावर थांबला.

बाकावर आजी नव्हती. चपलाही नव्हत्या. त्याच्यासाठी सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा मात्र बाकभर सांडल्या होत्या.

"नूतनताई ऽऽ! आजी कुठेय?"

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. नूतन आता धुळ्याला कॉलेजात शिकते आणि धीरजला मिशी फुटली आहे. पण पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये घरची चार माणसं जमली की आजही हीच गोष्ट निघते, आणि दर वेळी आप्पा तिच्यात थोडी भर घालतात. म्हणून आप्पांची भर गाळून जे खरोखर घडलं तेवढंच इथे सांगायचं. फार तर पापड तेवढा राहू द्या!

त्या वर्षी साखर कारखान्याचा हंगाम संपला आणि कारखान्यात फिटर असलेल्या पप्पांनी, म्हणजे हेमकांतनी, जाहीर केलं, "सुरतच्या पलीकडे एवढं मोठं थीम पार्क झालंय. आपण सगळे जायचं!"

घरातलं कोणीच अशा ठिकाणी कधी गेलेलं नव्हतं. मोठी मजा म्हणजे सारंगखेड्याची यात्रा, एवढंच ठाऊक. दर हिवाळ्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरायचा आणि तिथे आकाशपाळणा लागायचा. सगळं घर पाळण्यात बसायचं. फक्त सुगंधाबाई आजी बसायची नाही. चपला, पिशव्या, खेळणी, गोडी शेव हे सगळं कोणी सांभाळायचं? आजी पाळण्याखाली गाठोडं घेऊन उभी राहायची. यात्रेत कोणी चुकलं तर त्याने सरळ पाळण्याखाली यायचं. आजी तिथे असायचीच, देवळासारखी.

"आजी, तू कधीच बसली नाहीस पाळण्यात?" जायच्या आदल्या दिवशी नूतनने विचारलं होतं.

"मी बठसू तं गाठोडं कोन धरी?" आजी म्हणाली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "बठानं तं शे व बेटा. एकदाव तरी देखानं शे, वरून काय दिखस ते."

"मग ठरलं! तिथे सामान ठेवायला कुलपाची कपाटं असतात म्हणे. या वेळी गाठोडं कपाटात आणि तू पाळण्यात!"

दुसऱ्या दिवशी आजी लग्नाकार्यात नेसायची हिरवी साडी नेसून सगळ्यांच्या आधी दारात उभी होती.

जालमसिंग ड्रायव्हरची जीप तळोद्याहून दिनेशकाका आणि त्यांच्या मुलीला, ममताला, घेऊन आली. नवापूर मागे पडेपर्यंत आप्पांनी वाघाच्या तीन गोष्टी सांगून संपवल्या. आणि मग, दुपार कलल्यावर, ते दिसलं! दारातच घराएवढा हत्ती, त्याच्या पोटातून आत जायचं! आत रेल्वे, किल्ला, धबधबा, आणि त्या सगळ्यांच्या मागे आभाळाला टेकलेला पांढराशुभ्र पाळणा.

"माय व!" म्हणून आजीने मान वर केली ती पदर खांद्यावर घसरेपर्यंत.

"शेवटी पाळणा," पप्पा म्हणाले. "आधी पाणी!"

आणि इथेच घोटाळा झाला. कपाटांपाशी रांग होती. आणि घसरगुंडी समोर दिसत होती. पप्पांनी खिशातून फोन काढला आणि सवयीने म्हणाले, "माय व, जरा धर." मग मम्मीची पर्स आली. काकांचं घड्याळ आलं. आप्पांचा चष्मा आला. चार फोन आणि सात जोड चपला! डोळ्याचं पातं लवायच्या आत आजीचं गाठोडं बांधून तयार. नूतनला "पप्पा, कपाट!" म्हणायचं होतं, पण तेवढ्यात धीरजने तिला ओढत नेलं होतं.

आता सातही जण अनवाणी, ओलेचिंब, बाकाभोवती उभे होते.

"फोन लाव तिला!" मम्मी म्हणाली.

"कशावरून लावू? सगळे फोन तिच्याकडेच!" पप्पा वैतागले. "दिनेश, जालमसिंगचा नंबर सांग. कोणाचा तरी फोन मागून त्याला लावू, त्याच्याकडे आपले नंबर असतील..."

"नंबर फोनमध्ये आहे ना दादा. पाठ कोण करतं आता?"

"मला एक नंबर पाठ आहे," पप्पा आठवून म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "कारखान्याच्या ऑफिसचा. तो बंद पडून किती वर्षं झाली!"

पप्पा-मम्मी चौकशीच्या खिडकीकडे पळाले, काका हत्तीच्या दाराकडे. जाताना पप्पांनी दम भरला, "तुम्ही आप्पांपाशी थांबा. जागचं हलायचं नाही!"

नूतन बाकावरच्या शेंगांकडे बघत होती. "हे विचित्र आहे हं. आजी दाणा सांडला तर वाकून उचलते. ती शेंगा अशा टाकून जाईल?"

"आणि ती पहाऱ्याची जागा सोडते कधी?" ममता म्हणाली. ममता वर्गाची मॉनिटर होती. पहाऱ्यातलं तिला बरंच कळायचं. "म्हणजे ती गेली नाही. तिला कोणीतरी नेलंय!"

"बाप रे!" धीरज म्हणाला. "मग शोधू या ना! आप्पांच्या फोनला रिंग देऊ. तो नंबर मला पाठ आहे. आप्पांना कोणी विचारलं की ते मलाच विचारतात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या फोनची रिंग म्हणजे एक गंमतच होती. दिवाळीत धीरजने आप्पांचाच आवाज त्यात भरून ठेवला होता. ती रिंग शंभर माणसांतही चुकली नसती!

पण आप्पा हलू देणार होते थोडेच? नूतन शेजारच्या बाकावरच्या मंडळींकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आमच्या आप्पांनी वाघाचं शेपूट धरलं होतं, खरं!"

"शेपूट?" आप्पा ताठ झाले. "अरे, शेपूट तं काहीच नही! ऐका मंग..."

आप्पांचे डोळे मिटले आणि हात हवेत वाघ काढू लागले. तिघं पसार!

मक्याची कणसं विकणाऱ्या एका ताईंनी कळकळ ऐकून फोन दिला, पण गाडी सोडून त्या येऊ शकत नव्हत्या. "मी इथेच थांबून रिंग देत राहते," ममता म्हणाली. "तुम्ही कान देऊन फिरा. झोके थांबतात ना, तेव्हा आरडाओरडा थांबतो. तेवढ्यात ऐकायचं!"

नूतन आणि धीरज सावलीसावलीतून उड्या मारत निघाले. किल्ल्यापाशी काही नाही. रेल्वेपाशी काही नाही. धबधब्यामागे ताडाच्या झाडांआड एक निळं दार होतं. झोके थांबले, किंकाळ्या विरल्या, आणि दारामागून आवाज आला...

"अरे उचला रे भो! फोन शे, साप नही!"

"आप्पा!" धीरज ओरडला. "म्हणजे आप्पांचा फोन!"

दारावर लिहिलं होतं, सुरक्षा कक्ष. नूतनने दार ढकललं. आत टेबलावर त्यांचं गाठोडं सोडलेलं होतं आणि चार फोन, पर्स, घड्याळ, चष्मा ओळीने मांडले होते. खाली सात जोड चपला. एक मिशीवाला रक्षक फोनपासून लांब उभा राहून म्हणत होता, "कोई हाथ नहीं लगाएगा! सबूत है!" आणि खुर्चीवर हिरव्या साडीतली आजी, ओठ घट्ट मिटून.

"आजी!"

नातवंडं आलेली बघून आजीचे ओठ उघडले. "उनात का मन्हा बाछडा? देख, एक बी चीज जाऊ दिधी नही!"

टेबलामागे गणवेशातल्या एक बाई बसल्या होत्या. रक्षक त्यांना 'राठोड मॅडम' म्हणत होता. त्या म्हणाल्या, "एक म्हातारी, चार फोन, इतकं सामान. आम्ही विचारलं, हे कोणाचं? तर म्हणते, मालूम नहीं! नाव काय? मालूम नहीं! मग आम्ही काय समजायचं?"

"आजी, असं का सांगितलंस?"

"का म्हंजे?" आजी उलट चिडली. "यात्रामा अनोळखी मानूस इचारस, माय, हाई कोनं शे? सांगं का संपनं! तो म्हनी, ते मन्हंच शे. तुन्हा आप्पानीच शिकाडेल शे, कोनले काही सांगानं नही!"

नूतनने कपाळाला हात लावला. सगळ्या यात्रांमध्ये ज्या युक्तीने घरचं सामान वाचलं होतं, तिनेच आज आजीला चोर ठरवलं होतं!

"मॅडम, ही आमची आजी आहे. हे फोन आमच्याच घरचे," ती म्हणाली. "दाखवू? हा पप्पांचा, त्यांची खूण झेड. हा काकांचा, त्यांची जन्मतारीख. मम्मीची खूण घरासारखी. आणि आप्पांच्या फोनला कुलूपच नाही." फोन टपाटप उघडले.

"यांना हे माहीत आहे?" मॅडमच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"नाही! त्यांना वाटतं ते गुपित आहे!" धीरज म्हणाला.

"फोन तुमच्या घरचे, मानलं. पण या बाई तुमच्या घरच्या कशावरून? मुलं कोणालाही आजी म्हणतात. एक फोटो दाखव यांचा. घरच्या माणसाचा एखादा तरी असेलच."

"एखादा? शंभर असतील!" म्हणत नूतनने पप्पांचा फोन घेतला.

उसाचे फोटो. कारखान्याच्या चिमणीचे. धीरजच्या पडलेल्या दाताचे. मम्मीच्या फोनमध्ये लग्नं, रांगोळ्या, ममताचं बक्षीस. काकांच्या फोनमध्ये काका, काका आणि काका. आप्पांच्या फोनमध्ये नुसतं आप्पांचं बोट. यात्रेचे फोटो तर किती! पाळण्याच्या एकाच खोक्यात कोंबलेले सगळे हसरे चेहरे, वर्षामागून वर्ष.

आजी कुठेच नव्हती.

नूतनचं बोट चालायचं थांबलं. तिला एकदम रडू आलं. आजी फोटोत असणार कशी? फोटो निघायचे तेव्हा ती सगळ्यांचं सामान धरून बाजूला उभी असायची!

"नाही ना?" मॅडम म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ होता.

तेवढ्यात, दोघांना धबधब्यामागे शिरताना पाहून धावत आलेली ममता दारातून आत घुसली. "सापडली? मग फोटो बघत काय बसलात?" तिने ऐकून घेतलं आणि काकांच्या फोनवर झडप घातली. "माझे पप्पा पाळण्याच्या टोकावरून खालचे फोटो काढतात. तो बघ, घोडेबाजाराचा! मोठा कर. अजून मोठा कर!"

तापीचं पात्र, घोड्यांच्या रांगा, मुंग्यांएवढी माणसं. आणि अगदी खाली, पाळण्याच्या बुंध्याशी, एक बाई. काखेत गाठोडं. एक हात कपाळावर आडवा धरून वर बघणारी.

"आजी!" धीरज किंचाळला.

त्याच्या आधीच्या वर्षीच्या फोटोत तीच जागा, तेच गाठोडं, तसाच कपाळावर हात. त्याच्या आधीच्या वर्षीही!

राठोड मॅडमनी फोन जवळ ओढून तो फोटो पाहिला. मग उठल्या आणि आजीपुढे त्यांनी हात जोडले. "माफ करा, बा," गुजरातीतली आईची हाक मारत त्या म्हणाल्या.

नेमकी त्याच वेळी, चौकशीच्या खिडकीवर पत्ता कळलेली मोठी मंडळी अनवाणी उड्या मारत येऊन धडकली. "आमच्या मायला कोंडून ठेवता? मी तक्रार करीन!" पप्पा गरजले.

"जरूर करा," मॅडम म्हणाल्या. "आधी हे सांगा, सगळं सामान यांच्याकडे, आणि चार फोनमध्ये यांचा एक फोटो नाही? दाण्याएवढी दिसते तेवढी एक सापडली, तीही या मुलांना!"

काका छताकडे बघू लागले. आप्पांनी तोंड उघडलं, पण त्यांना एकही गोष्ट सुचली नाही. असं घडल्याचं कोणाच्या आठवणीत नाही!

"पाळणा!" नूतन एकदम ओरडली. "पाळणा बंद व्हायची वेळ झाली असेल!"

सगळे धावले. सगळ्यांत पुढे आजी, हिरव्या साडीचा घोळ मुठीत धरून! पाळणेवाला साखळी लावतच होता. राठोड मॅडम मागून ओरडल्या, "एक फेरी अजून!" आणि त्याने हसून साखळी काढली.

आजी पायरीवर घुटमळली. हातातल्या गाठोड्याकडे तिने पाहिलं. आप्पा पुढे झाले आणि त्यांनी ते अलगद काढून घेतलं. "दे. मी थांबस. तू जाय."

पाळणा वर निघाला. आजीने एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने धीरजची मान पकडली होती. किल्ला खाली गेला. हत्ती उंदराएवढा झाला. दूर कुठेतरी ऊन पडलेल्या पाण्याची रेघ चमकली. टोकावर पाळणा थांबला, तेव्हा आजीने कधी नव्हे ते दोन्ही हात सोडले.

"काय दिसतंय, आजी?" ममताने विचारलं.

आजी खाली वाकून निरखत राहिली. मग हळूच म्हणाली, "आठून तं सगळंच दिखस व. मंग इतला वरीस मी तुमले काबर नही दिखनू?"

नूतनने आजीचा खडबडीत हात आपल्या हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. धीरज तर शेंगाही मागायचं विसरला.

आजीनेच मग कोपराने नूतनला ढोसलं. "रडस काय? फोटू काढ! दात दिखाले पाह्यजे!"

खाली उतरल्यावर पप्पा तिघांपुढे उकिडवे बसले. "तुम्ही जागचे हलला नसता तर आज काय झालं असतं, कोण जाणे. यापुढे जागचं हलायचं नाही, असं मी तुम्हाला सांगणार नाही!"

"शाब्बास रे मन्हा वाघ!" आप्पा म्हणाले, आणि पुढे ते बरंच काही सांगणार होते. पण त्यांचं बोलणं ऐकायला आजी होतीच कुठे? ती पाळणेवाल्याला हाताने खुणावत पुन्हा आत जाऊन बसली होती.