ओ न दिलेली हाक

रॉकेलचे दोन डबे पुलावर पोचवायचे होते, एवढंच काम. रविवार होता, २ डिसेंबर १९५६. नंदू, हसू नकोस. तू इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला गेलास म्हणून भुतं काही गाव सोडून जात नाहीत. आणि उत्तरा, दिवे गेलेत ते बरंच झालं. मेणबत्ती तेवढी वाऱ्यातून बाजूला घे.

तेव्हा आपण घाटकोपरला आलो नव्हतो. मी बोरिवलीला राहायचो. मुंबईहून वर जाणारा नवा मोठा रस्ता निघत होता आणि मी ठेकेदाराकडे स्टोअरकीपर होतो. आता तिथून मोटारी भुर्रकन जातात, पण तेव्हा सगळी भातशेती, ताडाची झाडं आणि मिठागरं. रस्ता म्हणजे नुसती लाल मुरमाची पट्टी. माझ्या सहीशिवाय तिथला खिळा हलत नसे. मजूर मला पाठीमागं 'कुलूप' म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

बोरिवलीच्या पलीकडे खारवली म्हणून गाव आणि मध्ये खाडी. त्या खाडीवर तीन गाळ्यांचा पूल चालला होता. दोन्ही कडेचे गाळे तयार होते, मधला उघडा. मधल्यावर नुसत्या दोन लोखंडी तुळया. दिवसा त्यांच्यावर फळ्या टाकायच्या, म्हणजे मजुरांना घमेली घेऊन जाता यायचं. संध्याकाळी फळ्या काढून, साखळी घालून कुलूप. फळ्या चुलीला चांगल्या, रात्रीतून नाहीशा व्हायच्या.

पण खारवलीकरांना त्या पुलाची चटक लागली. आधी बिचारे तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत तासतास बसायचे, आता अर्ध्या तासात स्टेशन. रात्रीसुद्धा येऊ लागले. त्यांच्या बाजूच्या टोकाला लाल कंदील टांगला, तो दोनदा चोरीला गेला. मग पहारेकऱ्यानं आणि गावानं आपसात एक रीत पाडली. पुलावर पाय ठेवायच्या आधी एक हाक मारायची. फळ्या काढलेल्या असल्या तर पहारेकरी ओ देणार, 'थांब, वाट नाय!' आणि ओ आली नाही तर फळ्या आहेत, खुशाल या. काही रात्री काम चालायचं, तेव्हा फळ्या तशाच असायच्या आणि पहारेकरी बोरिवलीच्या टोकाला सिमेंट राखत बसलेला असायचा, कामाच्या गलक्यात त्याला हाक ऐकू यायची नाही, म्हणून ही रीत.

"ही काय सिस्टिम झाली, भाऊ?" असं म्हणतोयस ना, नंदू, "पहारेकऱ्याला डुलकी लागली म्हणजे?" अगदी बरोबर. पण तुझ्यासारखा शहाणा तेव्हा तिथं कुणी नव्हता. मी होतो, पण माझं लक्ष खिळ्यांवर.

पहारेकरी होता धाकू. मालवणकडचा, पन्नाशीचा. गिरणीत खोकला लागला म्हणून ती नोकरी सुटली, मग हा पुलावर आला. माणूस सरळ, पण भित्रा. मजुरांत कुजबुज चालायचीच, पूल डोकं मागतो, मुंडकं घेतल्याशिवाय खांब उभा राहत नाही. मी दटावायचो, "अरे, खांब सिमेंटनं उभा राहतो, आणि सिमेंट माझ्या कुलपात आहे." सगळे हसायचे. धाकू नाही हसायचा.

त्या रविवारी काम बंद होतं, फळ्या कुलपात. मी सात वाजता रॉकेल पोचवलं. धाकूनं चहा केला. अवस होती, भरती मध्यरात्रीला पुरी होणार होती. "जपून रे," म्हणालो आणि आठच्या आत घरी आलो. छान जेवलो, छान झोपलो. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या रात्री काय झालं ते धाकूनं मला पुढं सांगितलं. फक्त मला.

बाराला दहा मिनिटं असतील. तो पुलालगतच्या आपल्या झोपडीत जागाच होता. पाणी खांबांना लागून चुळचुळत होतं. आणि पलीकडून हाक आली. एरवी लोक ओरडायचे 'ओ पूलवाले', दोघंतिघं मिळून, हसतखेळत, आणि तेही आठ-नऊला किंवा पहाटे. ही हाक एकट्याची होती. नाव घेऊन.

"धाकूऽऽ!"

एकदाच.

आता उत्तरा, तुझी आजी तुला काय सांगते? रात्री एका हाकेला ओ देऊ नये. माणूस दुसऱ्यांदा हाक मारतो, 'ते' एकदाच मारतं. धाकूच्या आईनं त्याला हेच पाजलेलं. तो हात जोडून बसला. दुसरी हाक येऊ दे, म्हणजे माणूस आहे, मग ओ देतो…

दुसरी हाक आली नाही.

पावलं आली. पळत. पलीकडच्या गाळ्यावरून… आणि मग पाण्याचा आवाज. एवढाच.

सकाळी कळलं. खारवलीचा गुणाजी, मिठागरावर काम करणारा, रात्री घरातून निघाला तो परत आला नव्हता. बायको विमला, पहिलटकरीण. दोन दिवस अडली होती. सुईणीनं हात टेकले तेव्हा हा डॉक्टरला आणायला धावला. पुलावर आल्यावर रीतीप्रमाणं एक हाक मारली. ओ आली नाही, म्हणजे फळ्या आहेत. दुसरी हाक कशाला मारेल तो? त्याला घाई होती रे.

विमला पहाटे गेली. पोर पोटातच गेलं. गुणाजी तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडला.

चौकशी झाली, कागदावर 'अंधारात पाय घसरून' असं आलं. कुणी धाकूकडे बोट दाखवलं नाही. पण एका संध्याकाळी तो माझ्या स्टोअरच्या दारात येऊन बसला. "भाऊनू," म्हणाला, "हाक ऐकलंय मी. ऐकान गप रवलंय. तीन जीव गेले."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, झालं.

पुढं तो वाळत चालला. मजूर म्हणायचे, रात्री एकटाच ओरडतो. मी विचारलं. तर म्हणे, रोज येते. बाराला दहा कमी असताना. एकच हाक. "आता मी ओ देतंय, भाऊनू. पयल्याच हाकेक देतंय. 'थांब, फळ्ये नाय हत' म्हणान बोंबलतंय. तो थांबणा नाय. पळत येता… आणि पडता. रोज पडता."

मला वाटलं, बाप्याचं डोकं फिरलं. गावी जा म्हटलं. जाईना.

मग २ जानेवारीपासून मधला गाळा बांधायला घ्यायचं ठरलं. ३१ डिसेंबरला, सोमवारी संध्याकाळी, धाकू पुन्हा आला. पुन्हा अवसच. हात जोडून म्हणाला, "येक रात चावी दिया. फळ्ये घालतंय. स्लॅब पडल्यार तो खय जातलो? हयच अडाकतलो. त्येका एकदा पलीकडे जांव दे."

गाळा पक्का झाला की गुणाजी कायमचा तिथंच अडकेल, ही त्याची भीती. मी म्हटलं, नियम आहे. चोरी झाली तर माझी नोकरी जाईल. तो नुसता बघत राहिला. मी आयुष्यात नियम मोडून कुणाला खिळा दिला नव्हता. पण मला आठवलं, त्या रात्री मी छान झोपलो होतो. म्हटलं, "चावी देत नाही. चावी घेऊन मी येतो."

रात्री अकराला आम्ही दोघांनी फळ्या टाकल्या. थंडी होती. पाणी वर चढत होतं, काळंभोर. फळ्या ठोकून घट्ट केल्या आणि बोरिवलीच्या अंगाला, गाळ्याच्या तोंडाशी, दोन बाजूंना दोघं बसलो. मधून वाट मोकळी. कंदील धाकूपाशी. मी सारखा घड्याळ बघत होतो. विडी पेटवायचो, विझवायचो.

पावणेबारा.

दूर बोरिवलीकडे कुत्रं भुंकत होतं. ते थांबलं.

बाराला दहा…

"धाकूऽऽ!"

नंदू, मी ऐकली. ह्या कानांनी. वारा नव्हता, पक्षी नव्हता. माणसाची हाक होती, दम लागलेल्या माणसाची.

धाकू ताडकन उभा राहिला. आवाज फुटला त्याचा. "ओऽऽ! ये रे! फळ्ये घातले हत! ये!"

पावलं. पळत. पलीकडचा गाळा… मग फळ्या.

पहिली फळी वाकली. मी बघत होतो. कंदिलाच्या उजेडात फळी वाकली आणि सरळ झाली. मग दुसरी. तिसरी. कुणी नाही… आणि फळ्या वाकताहेत. आमच्या दोघांच्या मधून गार हवा गेली. मुरमावर पावलं वाजली, बोरिवलीकडे, लांब… लांब…

पाण्याचा आवाज आला नाही.

धाकू मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, सांगायला लाज कसली. थोड्या वेळानं मी म्हटलं, "चल, फळ्या काढू." धाकूनं माझा हात धरला.

"नको. डॉक्टराक आणूक गेलो हा. परत येतलो."

हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उठून जावंसं वाटत होतं, पण बोरिवलीची वाट तीच, जिकडे तो गेला होता. बसून राहिलो. एक वाजला. सव्वा.

दीडच्या सुमाराला मुरमावर पुन्हा पावलं. जवळ आली. फळ्या पुन्हा वाकल्या… ह्या वेळी उलट्या बाजूनं. पलीकडे गेली.

आणि मागोमाग रस्त्यावर बॅटरीचा उजेड दिसला. खराखुरा. एक बाई येत होत्या, नऊवारी नाही, साधं पाचवारी, पायात चपला, धापा टाकत. डॉक्टर मृणालिनी. स्टेशनजवळ दवाखाना मांडून त्यांना आठवडाच झाला होता. गुणाजीचं नाव कानावर असायचं काही कारणच नव्हतं.

"फळ्या घट्ट आहेत ना?" त्यांनी विचारलं. "तो माणूस गेला ना पुढं?"

मी उठून उभा राहिलो. "कोण माणूस, बाई?"

"अहो, आत्ता तर गेला! बायको अडलीय म्हणाला, खारवलीला. धड तोंडसुद्धा दाखवलं नाही, माझी बॅग उचलली नि निघाला पळत. मी हाका मारतेय, वळून बघायला तयार नाही." खेड्यातली रीत आहे ना, डॉक्टरला न्यायला आलेला माणूस बॅग स्वतः घेतो. बाईंना त्यात काही नवल वाटलं नव्हतं. आम्हाला मात्र ना माणूस दिसला होता, ना बॅग.

धाकू म्हणाला, "चला बाय, मी घर दाखयतंय."

मी त्याच्याकडे बघितलं. तो शांत होता. महिन्यात पहिल्यांदा.

आम्ही तिघं पूल ओलांडून गेलो. गुणाजीचं घर गावाच्या टोकाला, मिठागराच्या बांधावर. अंधार. दाराला कुलूप. विमलाचा भाऊ लवू तिचं सगळं आटोपून, कुलूप लावून, चावी घेऊन वसईला निघून गेला होता, महिना होत आला होता.

"इथं तर कुणीच नाही," बाई चिडून म्हणाल्या. "ही काय थट्टा आहे?"

धाकूनं सांगितलं. सगळं. मालवणीत, अडखळत. आपण गप्प राहिलो तेसुद्धा. बाई ऐकत होत्या. मग त्या खिडकीशी गेल्या. खिडकीला गज होते, हातसुद्धा जेमतेम जाईल असे. त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला.

बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही बघा."

आत बाज होती, मोकळी. बाजेच्या उशाशी जमिनीवर काळी चामड्याची बॅग ठेवली होती. नीट. पट्टा वर करून.

"माझीच आहे," बाई म्हणाल्या.

धाकू गजांना डोकं टेकून म्हणाला, "पोचलस रे, बाबा."

दुसऱ्या दिवशी वसईला माणूस पाठवून लवूला बोलावलं, बॅगेसाठी बाईही आल्या. खाऱ्या हवेनं कुलूप गंजलं होतं. चावी फिरेना. तेल घालावं लागलं, तेव्हा कुठं उघडलं. दार ढकललं आणि आम्ही चौघंही उंबऱ्याशीच थांबलो. सारवलेल्या जमिनीवर महिन्याभराची धूळ साचली होती. दारापासून बाजेपर्यंत तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.