एक तास दहा मिनिटं

वळसंगच्या त्या घरात एक नियम होता. माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही. नियम सासूबाईंचा, गोजाबाईंचा. सुनेला, विजयमालेला, त्याचं हसू यायचं.

"आत्या, सोलापूरच्या एष्टीला हे ठीक हाय. इमानाला कोन इचारतंय?"

पण आज तीही मनातून धास्तावली होती. नवरा, अजिनाथ, दोन वर्षं दूरच्या एका बेटावर आचारी होता. आज लहान विमानानं दुसऱ्या बेटावर जायचं आणि तिथून मोठं विमान धरून घरी यायचं. गोजाबाईंच्या जिभेवर त्या बेटांची नावं बसेनात, म्हणून तो राहायचा ते धाकटं बेट, मोठं विमान सुटायचं ते थोरलं. दोन्हींमधलं अंतर विजयमालेनं मोबाइलवर बघून ठेवलं होतं: चारशे बारा किलोमीटर. वेळ, एक तास दहा मिनिटं.

दहा वाजता त्याचा मेसेज आला, 'विमानात बसलो'. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिनं केरसुणी उचलली.

"फोन आला व्हय?" गोजाबाईंनी विचारलं.

"न्हाय. पन वेळ झाली की. पोचलं असत्याल."

सोप्यात चाऱ्याच्या काड्या, लेंड्या, रोजचाच केर. आतल्या खोलीत अजिनाथच्या बाजेखाली मात्र केरसुणी जड लागली. तिनं ओढून बघितलं, तर वाळू. विहिरींनी तळ गाठलेला, आणि घरात ओली, गार, खाऱ्या वासाची वाळू! तिला शिसारी आली. काही सुचेना, तशी तिनं ती भराभर उंबऱ्याबाहेर लोटली.

तेवढ्यात फोन वाजला. "विजू, आत्ता सुटतंय बग इमान. तासभर नुसतं हुबंच हुतं..."

माणूस अजून निघायचाय, आणि आपण केर काढून मोकळ्या!

"अवो, उतरा! उतरा खाली..."

फोन बंद झाला होता. हातातली केरसुणी उंबऱ्यातच आडवी पडली. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. दोघी घड्याळासमोर बसून राहिल्या.

बारा पंचवीसला, मिनिटाचाही फरक न पडता, फोन वाजला.

"पोचलो..."

गोजाबाईंनी फोन हिसकावूनच घेतला. "बाळा, सुखरूप हायस न्हवं?"

"व्हय, आई... पन आत येता येईना... उंबऱ्यातली केरसुणी उचल की..."

दार सताड उघडं होतं. बाहेर रणरणतं ऊन, चिटपाखरू नाही. केरसुणीचं त्याला कसं कळलं?

"आत्या... नगा..."

पण आईच ती. फोन सुनेच्या हातात देऊन त्यांनी केरसुणी उचललीच. खाऱ्या वासाचा गार झोत विजयमालेच्या अंगावरून आत गेला, आणि त्याच्या मागोमाग गोजाबाईही आतल्या खोलीत गेल्या.

दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. नाव अजिनाथचंच.

"विजू, आत्ता टेकलं बग इमान! समोरनं वारा लई हुता, धा मिनटं उशीर झाला. घाबरलीस व्हय?"

मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी हसत होतं. नवरा धडधाकट होता, थोरल्या बेटावर उतरला होता. तेवढ्यात आतल्या खोलीत बाज करकरली.

"विजू, तांब्याभर पानी आन गं," गोजाबाई मायेनं म्हणाल्या. "लेकरू लई भिजून आलंय."