चादरीखालची दाई

एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, चित्रं काढणारी एक बाई राहायची. घरात तिची सासू आणि पाच महिन्यांची छकुली. नवरा बोटीवर नोकरीला. माझ्या चुलतभावाच्या अगदी शेजारी, म्हणून सांगतोय.

छकुली दूध घेईना. अंगावरचं नाही, बाटलीचंही नाही. डॉक्टर म्हणाले, शनिवारी वजन भरलं नाही तर दवाखान्यात भरती करू.

त्यातच प्रदर्शनाचं चित्र अर्धवट. गोऱ्यांच्या राज्यातला एक जुना फोटो बाई कापडावर उतरवत होती. साहेबाचं बाळ बसलंय, आणि त्याच्यामागं नुसती काळी चादर. तेव्हा फोटोला वेळ लागे. बाळ हलू नये म्हणून त्याला अंगावर पाजणारी दाई त्याला धरून बसे, आणि ती दिसू नये म्हणून तिच्यावर चादर टाकत. बाईनं चित्रात ती चादर बाजूला सारली. आत तरुण दाई रंगवली. खाली कवितेची ओळ लिहिली : ‘माय, तुझं बाळ तेव्हा कुणापाशी होतं?’

सासूनं वाचलं. "मेलेल्या बाईला असं तोंडावर विचारतात होय?"

"कविता आहे ती, आई."

"असू दे. विचारलंस ना, आता ऐकून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी छकुलीच्या ओठांवर दूध. पोट टम्म. बाटली मात्र भरलेलीच.

बाईचा संशय सरळ सासूवर. हिनं काय पाजलं? कुठून आणलं?

"आई, रात्री तुम्ही उठला होतात?"

"मला उठवायला दोन माणसं लागतात, बाई."

बाईला पटलं नाही. बुधवारी रात्री तिनं सासूच्या पदराला आपल्या ओढणीची गाठ मारली आणि डोळे मिटून पडून राहिली.

दीड वाजला. पाळण्यातून आवाज आला... चुटूचुटू... दूध ओढल्याचा.

ओढणी ताणली नव्हती. सासू शेजारी घोरत होती.

पाळण्यावर कुणीतरी वाकलेलं. हळू गुणगुणत होतं. शब्द नाहीत. नुसता सूर.

बाईला ओरडायचं होतं. पण ही पोरीला घेऊन गेली तर...

"पाजा हो," ती कशीबशी म्हणाली. "पण... इथंच राहू द्या तिला."

गुणगुणणं थांबलं.

...

मग पुन्हा, चुटूचुटू.

शनिवारी वजन भरलं. भरतीची चिठ्ठी डॉक्टरांनी स्वतःच फाडली. छकुली आता शाळेत जाते, दोन जिने एका दमात चढते.

चित्र मात्र प्रदर्शनाला गेलंच नाही. नेणार कसं? दाईच्या छातीपाशी दोन ओले डाग आहेत. उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं. वाळत नाहीत.